जुन्या पासबुकापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत: बिनवारशी पैसा आणि मालमत्ता कशी सोडवायची

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शेजारच्या मावशींनी मागच्या उन्हाळ्यात धाकट्या दिरांची लोखंडी पेटी उघडली. दीर अविवाहित होते. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. पेटीत दोन पासबुके, एक एलआयसीची पॉलिसी, एका कंपनीची लाभांशाची पाच-सहा पाकिटे आणि उमरेडकडच्या दीड एकराचा पिवळा पडलेला सातबारा निघाला. मावशी म्हणाल्या, "आता काय मिळते त्याचं? सगळं सरकारजमा झालं असंल."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की त्याबद्दल एकदा नीट लिहायलाच हवे. कायद्यात 'सरकारजमा'चे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एकात सरकार तुमचा पैसा फक्त सांभाळते आणि मालकी तुमचीच राहते. दुसऱ्यात सरकार खरोखर मालक होते. पहिल्यातून दुसऱ्यात जायला बहुतेक वेळा बरीच वर्षे लागतात, आणि प्रत्येक प्रकारच्या पैशाची मुदत वेगळी असते. आपला पैसा नेमका कुठे अडकला आहे आणि त्याची मुदत कुठवर आली आहे हे कळले की पुढचे काम कागद जमवण्याचे उरते.

पहिली पायरी: पेटी रिकामी करा, काहीही फेकू नका

ज्या माणसाचा पैसा शोधायचा त्याची एक वही करा. पहिल्या पानावर त्याचे नाव जितक्या प्रकारे लिहिले गेले असेल तितक्या प्रकारे लिहा. हे क्षुल्लक वाटेल, पण माझ्या अनुभवात निम्मे शोध इथेच फसतात. 'वासुदेव'चे इंग्रजी स्पेलिंग एका पासबुकात व्ही घालून असते, दुसऱ्यात डब्ल्यू घालून. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरे, कुठे आडनाव आधी. बायकांच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलायची रीत होती. आईचे लग्नाआधीचे पोस्टातले खाते 'कुसुम' नावाने आणि नंतरचे 'सुनंदाबाई' नावाने असू शकते. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद यांपैकी जे सापडेल ते जपून ठेवा. दोन्ही नावांची बाई एकच हे पुढे सिद्ध करावे लागते.

मग धागे गोळा करा: पासबुके, विमा हप्त्याच्या पावत्या, लाभांशाची पाकिटे, पीएफच्या चिठ्ठ्या, पोस्टाची प्रमाणपत्रे. माणूस आयकर भरत असेल तर त्याच्या वार्षिक माहितीपत्रकात कोणत्या बँकेने व्याज दिले, कोणत्या कंपनीने लाभांश दिला हे दिसते. मृताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून आयकर पोर्टलवर नोंदणी करून ते पाहता येते.

सोबत मृत्यूचा दाखला घ्या. मृत्यू नागपूर शहरात झाला असेल तर तो महानगरपालिकेकडून मिळतो. शहरात दहा झोन आहेत, त्यामुळे नोंद कोणत्या झोनमध्ये आहे ते आधी विचारा आणि एकदम आठ-दहा प्रती काढा. प्रत्येक दारात एक प्रत लागते.

दुसरी पायरी: पैसा कोणत्या कोठारात आहे ते ओळखा

बँक. खात्यात दोन वर्षे तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी हक्क सांगितला नाही, तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या 'ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी'त पाठवते. हा निधी २०१४ साली सुरू झाला. त्याचा आधार बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २६अ मध्ये आहे. रक्कम तिथे गेली तरी मागण्याचा हक्क संपत नाही. दहा वर्षांनी मागा, पंचवीस वर्षांनी मागा, मूळ बँकेलाच ती द्यावी लागते. बँक तुम्हाला देते आणि निधीकडून भरून घेते. व्याजाच्या ठेवीवर निधीत असतानाच्या काळाचे व्याजही मिळते. मे २०२१पासून त्याचा दर सरळव्याजाने तीन टक्के आहे.

शोधायचे कसे? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करा, मृताचे नाव टाका आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी काहीतरी द्या. मार्च २०२४पर्यंत त्यावर तीस बँका आल्या होत्या आणि मूल्याने मोजल्यास सुमारे नव्वद टक्के दावा न केलेल्या ठेवी त्यात दिसत होत्या. उद्गम फक्त 'असे खाते आहे' एवढे सांगते आणि एक संदर्भ क्रमांक देते. पैसे तिथून मिळत नाहीत. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जाऊनही मिळत नाहीत. तिथे ताटकळून परतलेले लोक मी पाहिले आहेत. तो क्रमांक घेऊन मूळ बँकेच्या शाखेतच जायचे.

पण बँकच राहिली नसेल तर? देना बँक आणि विजया बँक एप्रिल २०१९पासून बँक ऑफ बडोदात आहेत. एप्रिल २०२०पासून अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये विलीन झाल्या. स्टेट बँक ऑफ इंदूर आणि स्टेट बँक ऑफ हैदराबाद त्याआधीच स्टेट बँकेत गेल्या होत्या. जुनी बँक आता ज्या बँकेत विलीन झाली तिथे पासबुक न्या.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे गल्लीगल्लीत पतसंस्था आहेत आणि लोक त्यांना सरसकट 'बँक' म्हणतात, पण त्या बँका नव्हेत. त्यांच्या ठेवी उद्गमवर दिसत नाहीत, त्यांना पाच लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षणही नसते. संस्था चालू असेल तर थेट तिच्याकडे, अवसायनात गेली असेल, म्हणजे गुंडाळली जात असेल, तर सहकार खात्याने नेमलेल्या अवसायकाकडे दावा द्यावा लागतो. इथे उशीर करू नका.

पोस्ट, पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा. या पैशाला खरीखुरी अंतिम मुदत आहे, म्हणून याच्याकडे आधी बघा. २०१५च्या वित्त कायद्याने 'ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी' निर्माण झाला. खाते निष्क्रिय ठरल्यावर सात वर्षे कोणी न मागितलेली अल्पबचत आणि पीएफची रक्कम, तसेच दहा वर्षे न मागितलेली विम्याची रक्कम त्यात जाते. तिथे गेल्यावरही पंचवीस वर्षे मागता येते. त्यानंतर मात्र ती केंद्र सरकारची होते, आणि हे दुसऱ्या प्रकारचे, खरे सरकारजमा होणे आहे. एलआयसी आणि इतर विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पॉलिसी क्रमांकाने किंवा नाव-जन्मतारखेने शोधता येते.

कोळसा खाणीत काम केलेल्यांच्या घरच्यांसाठी एक सूचना. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे आणि उमरेड, सावनेर पट्ट्यात हजारो घरे या नोकरीवर उभी राहिली. या कामगारांचा पीएफ नेहमीच्या ईपीएफओकडे नसतो. त्यासाठी कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधी संघटना वेगळी आहे. चुकीच्या कार्यालयात वर्षभर अर्ज करत बसलेले कुटुंब मला माहीत आहे.

शेअर आणि लाभांश. सात वर्षे लाभांश उचलला नाही तर तो लाभांश आणि त्यामागचे शेअरही 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'कडे (आयईपीएफ) जातात. तरी ते परत मागता येतात. ऑनलाइन आयईपीएफ-५ अर्ज भरायचा, त्याची छापील प्रत कागदांसह कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायची. कंपनी पडताळणी करते, मग या निधीचे प्राधिकरण मंजुरी देते. कागदी शेअर असतील तर आधी डीमॅट खाते लागते. सगळ्यांत जास्त चिकाटी याच कामाला लागते. म्युच्युअल फंडांसाठी सेबीच्या पुढाकाराने 'मित्रा' नावाची शोधसेवा २०२५मध्ये आली आहे.

तिसरी पायरी: वारस कोण, हे आधी घरात ठरवा

खात्यावर नॉमिनी असेल तर काम सोपे. नॉमिनीने मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र दिले की बँक पैसे देते. पण नॉमिनी मालक होत नाही, तो विश्वस्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ साली, बँक ठेवींबाबत २०१० साली आणि शेअरबाबत डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितले. विम्यात मात्र २०१५च्या कायदा दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मूल नॉमिनी असेल तर रक्कम त्याचीच होते. एरवी नॉमिनीने पैसे उचलून कायदेशीर वारसांना वाटायचे असतात. भावाभावांत अबोला येण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून पैसे हातात येण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगा.

मृत्युपत्र नसेल तर वारसांचा क्रम कायदा ठरवतो. हिंदू वारसा कायदा १९५६ हा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. पुरुषाच्या बाबतीत आधी मुलगा, मुलगी, पत्नी, आई आणि आधीच वारलेल्या मुलामुलींची मुले येतात. ते नसतील तर वडील, मग भाऊ-बहीण आणि पुढचे जवळचे नातेवाईक. तेही नसतील तर पुरुषांच्या नात्याने जोडलेले भाऊबंद, आणि शेवटी बायकांच्या नात्याने जोडलेले आप्त. हे भाऊबंद किती दूरचे चालतील याला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. चुलत-चुलत पणतूही चालतो. म्हणून खरोखर एकही वारस नसलेला माणूस फार क्वचित असतो. वारस असतो, पण त्याला माहीत नसते किंवा त्याला कोणी शोधत नाही.

मावशींच्या दिरांना बायको-मुले नव्हती, आईवडील आधीच गेले होते. म्हणजे मावशींचे यजमान आणि दोन नणंदा, एक अमरावतीला आणि एक छिंदवाड्याला, तिघेही समान वारस. मावशींना वाटत होते की पेटी आपल्या घरात आहे म्हणजे हक्क आपला. तसे नसते. दोन्ही नणंदांना फोन झाला, आणि खरे सांगायचे तर काम त्या दिवसापासून पुढे सरकू लागले.

बाईच्या मालमत्तेचा क्रम वेगळा आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. मूल आणि नवरा नसेल तर तिच्या स्वकमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो, तिच्या आईवडिलांचा त्यानंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असे प्रकरण आले होते. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने बाहेर काढलेल्या आणि माहेरच्यांनी शिकवून नोकरीला लावलेल्या बाईची कमाई कायद्याच्या शब्दांप्रमाणे सासरच्या वारसांना गेली. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता मात्र, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. एकट्या राहणाऱ्या, कमावत्या बाईने मृत्युपत्र केलेच पाहिजे, असे मी प्रत्येकीला सांगते ते यासाठी.

चौथी पायरी: कागद

नॉमिनी नसेल तर पूर्वी बँका छोट्या रकमेसाठीही कोर्टाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५मध्ये नवे निर्देश काढले आणि ते लागू करण्यासाठी बँकांना ३१ मार्च २०२६पर्यंत मुदत दिली. वारसांत वाद नसेल, मृत्युपत्र नसेल आणि रक्कम मर्यादेत असेल तर इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी), बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारस असल्याची घोषणा यांवर काम व्हावे अशी व्यवस्था आहे. ही मर्यादा व्यापारी बँकांना पंधरा लाख आणि सहकारी बँकांना पाच लाख आहे. सगळे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. शाखेत कोणी तोंडी काही वेगळे सांगितले, तर नम्रपणे ते लेखी मागा. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

रक्कम मोठी असेल किंवा घरात वाद असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५खाली दिवाणी न्यायालय देते. नागपूरच्या रहिवाशाचा अर्ज सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात. न्यायालय वारसांना आणि जाहीर नोटिशीने सगळ्यांना कळवते, कोणी हरकत घेतली नाही तर प्रमाणपत्र देते. ते ठेवी, शेअर, येणी अशा गोष्टींपुरतेच असते, घर-जमिनीला ते चालत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत विधी साहाय्य मिळते.

माणूस मेलेला नाही पण बेपत्ता आहे, अशी घरेही असतात. सात वर्षे ज्यांना खबर असायला हवी होती त्यांनाही ती नसेल, तर कायदा त्याला मृत मानू देतो. त्यासाठी पहिल्या दिवसाची पोलिसांतली हरवल्याची तक्रार फार महत्त्वाची ठरते.

पाचवी पायरी: शेत आणि घर

राज्यघटनेचे कलम २९६ सांगते की वारसाअभावी सरकारकडे येणारी मालमत्ता ज्या राज्यात असेल त्या राज्याची होते. हिंदू वारसा कायद्याचे कलम २९ त्याला जोडून सांगते की सरकार ती वारसासारखीच घेते, म्हणजे मालमत्तेवरची कर्जे आणि जबाबदाऱ्यांसह.

शेतीबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६चे कलम ३४ वाचण्यासारखे आहे. जमीनधारक मृत्युपत्राविना आणि माहीत असलेल्या वारसाविना मेला तर कलेक्टर जमिनीचा ताबा घेतात आणि एका वेळी एका वर्षासाठी पट्ट्याने देऊ शकतात. ताबा घेतल्यापासून तीन वर्षांत कोणी वारस म्हणून अर्ज केला तर कलेक्टर चौकशी करून जमीन परत देऊ शकतात. अर्ज फेटाळला तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. तीन वर्षांत कोणीच आले नाही तर लिलाव होऊ शकतो. लिलावानंतर हक्क सिद्ध केला तर जमीन मिळत नाही. फक्त पट्ट्याचे भाडे आणि विक्रीची रक्कम, सरकारी देणी व खर्च वजा करून, मिळते. म्हणून शेताच्या बाबतीत तीन वर्षांचा आकडा डोक्यात ठेवा.

बहुतेक घरांत गोष्ट इथवर येतच नाही, नुसता फेरफार राहिलेला असतो. मावशींच्या दिरांचा सातबारा तसाच त्यांच्या नावावर होता, ताबा कोणी घेतला नव्हता. वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. तिन्ही भावंडांची नावे वारसाने लागली.

शहरातल्या घराला नगर भूमापन कार्यालयाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. नागपुरात पुष्कळ जागा नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या पट्ट्यावर आहेत. तिथे जमिनीचा मालक आधीच सरकार किंवा प्रन्यास असतो, वारसाला मिळतो तो पट्ट्याचा हक्क. पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण आधी तपासा.

नागपूरच्या माणसाला 'वारस नाही म्हणून खालसा' हे शब्द इतिहासातून माहीत असतात. डिसेंबर १८५३मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, त्यांना मुलगा नव्हता. दत्तक मान्य न करता डलहौसीने १८५४ साली अख्खे राज्य खालसा केले आणि वाड्यातले जडजवाहीर लिलावात विकले गेले. आज रीतसर दत्तक घेतलेले मूल पोटच्या मुलाइतकेच वारस असते. तरी मला वाटते, 'सरकारने घेतले म्हणजे संपले' ही आपल्याकडची भीती तितकी जुनी असावी.

कोणी टक्केवारी मागितली तर

'तुमच्या वडिलांचे अमुक लाख पडून आहेत, वीस टक्के द्या, काढून देतो' असे फोन येतात. उद्गमवर शोधायला एक रुपया लागत नाही. ओटीपी, सही केलेला कोरा कागद किंवा मूळ पासबुक कोणालाही देऊ नका.

शेजारी एकटा माणूस गेला तर

कुलूप स्वतः तोडू नका, चांगल्या हेतूनेही नाही. पोलिसांना बोलवा, पंचनामा त्यांना करू द्या, दागिने आणि रोकड त्यात नीट लिहिली गेली का ते साक्षीदार म्हणून पहा. पोलिसांकडे आलेल्या बेवारस वस्तूंबाबत दंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि हक्क सांगायला सहा महिने देतात. त्या काळात तुम्ही करू शकता असे सर्वांत मोलाचे काम म्हणजे गावचा पत्ता, जुनी पत्रे, एखाद्या भाच्याचा नंबर शोधून पोलिसांना देणे. संपत्ती मोठी आणि उघड्यावर असेल तर राज्याच्या महाप्रशासकाकडे कळवता येते. १९६३च्या कायद्याने हे पद खास अशा वारशांची व्यवस्था पाहण्यासाठी आहे.

आणि तुम्हीच एकटे असाल तर

मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिता येते. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदारांनी तुमची सही पाहून सही करायची, आणि ज्यांना काही द्यायचे आहे त्यांना साक्षीदार करू नका. नागपुरातल्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून ते प्रमाणित करून घेणे, सक्तीचे नाही. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५पासून चार नॉमिनी ठेवता येतात, त्यांचा वाटा टक्क्यांत लिहून देता येतो. शेवटी एका कागदावर खाती, पॉलिसी, शेअर आणि जमिनीचे गट क्रमांक लिहा, खाली तारीख टाका, आणि तो कागद कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणात आहे हे दोन माणसांना सांगून ठेवा.